कंसातलं प्यादं

माझ्या तोंडातला वरच्या ओळीचा पुढचा एक दात खोटा आहे. तेवढा सोडला तर मी इथे सांगणार आहे ते सगळं खरं आहे. थोडंफार वाढवलं असेन, नाही म्हणत नाही. आमच्या अंबरनाथच्या नाल्याचं पाणी दिवसातून तीन रंग बदलायचं, तिथे वाढलेल्या माणसाने एक गोष्ट एकाच रंगात किती वेळ सांगायची?

आमच्या कारखान्याच्या वसाहतीत बुद्धिबळ हा बैठा खेळ समजला जात नसे. तो बसून सुरू व्हायचा, उभ्याने रंगायचा आणि कुणीतरी आडवा झाला की संपायचा. वसाहतीच्या टोकाला सिमेंटच्या पत्र्याचा क्लब होता. त्यात एक कॅरम, दोन पट, आणि दोन पात्यांवर फिरणारा पंखा. तिसरं पातं एका रविवारी स्टूल लागून गेलं होतं. ते स्टूल पंख्याला मारलेलं नव्हतं, पण ज्याला मारलं होतं तो वेळेवर खाली वाकला.

मारामाऱ्या हरण्यावरून होत नसत. हरणं माणूस पचवतो. मारामाऱ्या व्हायच्या त्या खेळ संपल्यावरच्या 'जर'वरून.

"मी तिथे घोडा घातला असता ना, तर तू रडत घरी गेला असतास!"

"घातला असतास तर मी हत्तीने कापला असता."

"कापला असतास तर उंटाने तुझी आतडी काढली असती."

"काढ ना. आत्ता काढ. हा बसलोय!"

आणि मग तो खरंच काढायला उठायचा. क्लबचा सेक्रेटरी इन्स्पेक्शन खात्यातला सडपातळ माणूस होता. अशाच एका 'जर'च्या मध्ये पडून त्याचं नाक मोडलं. नाकाला पट्टी लावलेल्या अवस्थेत त्याने भिंतीवर नियम चिकटवला. तोंडाने जर-तर करणाऱ्याला आठ दिवस क्लब बंद. ज्याला 'जर' म्हणायचंच असेल त्याने वहीत लिहायचं. प्रत्येक डावाच्या चाली वहीत असतातच. जिथे फाटा फोडायचा तिथे कंस उघडायचा आणि आपली चाल लिहायची. समोरच्याने त्याला उत्तर लिहायचं. 'जर'च्या पोटात आणखी एक 'जर' निघाला तर आणखी एक कंस. दोघांचं बोलणं संपलं की कंस बंद करायचा, आणि फाट्यावर परत यायचं.

महिनाभर शांतता होती. मग लोक पेनवरून मारामाऱ्या करायला लागले.

आता ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं रक्त तिच्यावरून सांडलं. समजा तुम्ही बदलापुराहून सायकलने निघालात. फाट्यावर बारवी धरणाचा रस्ता धरलात, आणि पुढे पंक्चर झालात. परत फाट्यावर आलात आणि दुसरा रस्ता धरलात, तर पंक्चर तुमच्याबरोबर येतं. जर-तरचं तसं नाही. तिथे फाट्यावर परत आलं की चाकात हवा भरलेलीच असते, कारण तुम्ही गेलाच नव्हतात, फक्त 'गेलो असतो तर' म्हणाला होतात. एका कंसात मेलेलं प्यादं कंस संपला की जिवंत व्हायला हवं. वहीत ते आपोआप होतं. पटावर मात्र ते हाताने उचलून परत उभं करावं लागतं, आणि तापलेला माणूस ते विसरतो.

माझे बाबा मशीन शॉपचे फोरमन होते. त्यांचा हात म्हणजे लोखंड आवळून धरायचा शेगडा. एकदा पकडलं की दुसऱ्या कुणीतरी येऊन सोडवावं लागे. समोरच्या क्वार्टरमधले काका स्टोअरमध्ये होते, उंच, हाडकुळे, आणि नटबोल्ट मागायला आलेल्या माणसाला चोर समजायची सवय असलेले. दोघांची मैत्री एवढी की आमच्याकडे भाजी बिघडली की बाबा ताट घेऊन सरळ त्यांच्याकडे जायचे. रोज संध्याकाळी एक डाव. तो डाव संपेपर्यंत दोन्ही घरांतल्या बायका आयोडीन आणि कापूस हाताशी ठेवत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मी बारावी दुसऱ्यांदा नापास होऊन कॅरममध्ये उच्च शिक्षण घेत होतो. त्या दिवशी बाबा पांढऱ्याने जिंकले. काकांनी पेन ओढून घेतलं आणि तेविसाव्या चालीवर कंस उघडला. जर माझा घोडा इथे आला असता तर. बाबांनी उत्तर लिहिलं. काकांनी आत आणखी एक कंस उघडला. असं करत करत चार पानं भरली, कंसात कंस सात खोल गेले. हात दुखले तेव्हा दोघांनी 'आता दाखवतोच' म्हणून तेच पटावर मांडायला घेतलं. शेवटी काकांनी वजीर उचलला, पटाच्या कडेच्या पट्टीवरून सरळ खाली आणला आणि आपटला.

"मात! बस बोंबलत!"

"मात कसली? कडेला माझं प्यादं आहे. वजीर उडत येणार का?"

"कुठे आहे प्यादं? दाखव. कधीच मेलं ते. माझ्या उंटाने खाल्लं."

"ते त्या कंसात खाल्लंस, ढेकळ्या! तो कंस संपला. प्यादं परत ठेवायचं राहिलं तुझ्याकडून."

"फाट्याच्या आधी मेलंय ते! आधी मेलेलं कशाला परत ठेवू? तुझा काका लागतं का?"

"स्टोअरमधला माल पळवतोस तसं प्यादं पळवतोस काय रे?"

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. काकांनी हातातला वजीर बाबांच्या कपाळावर मारला. वजिराचा मुकुट टोकदार असतो, भोक पडलं. बाबांनी रक्त डोळ्यात उतरायच्या आत पट उचलला. पट शिसवी, दोन बोटं जाड, कारखान्यात लाकडी साचे बनतात त्या पॅटर्न शॉपमध्ये गुपचूप बनवून घेतलेला. तो त्यांनी कडेने चालवला. असा आवाज मी पुन्हा एकदाच ऐकला, तो पुढे येईलच. काकांचे वरचे दोन दात गेले. पडता पडता काकांनी बाबांची करंगळी दाताखाली धरली, उरलेल्या दातांखाली, आणि ती सोडवायला चार माणसं लागली. सेक्रेटरी पाचवा होता. त्याचं नाक पुन्हा मोडलं.

काकांचा एक दात सापडलाच नाही. दुसरा थेट मोहऱ्यांच्या डब्यात जाऊन पडला होता, आणि भांडणातलं ते कडेचं प्यादं खिडकीतून उडून नाल्यात गेलं होतं. क्लबने हिशेब सोपा केला. प्याद्याच्या जागी दात.

बाबा करंगळीला रुमाल गुंडाळून, भिंतीला टेकून सगळ्यांच्या देखत ओरडले, "ते प्यादं फाट्याच्या आधी मेलं होतं असं कुणीही सिद्ध करून दाखवावं! माझे पुढचे दोन दात काढून घे. हात नाही उचलणार!"

सिद्ध कोण करणार? वही दोघांनी, सेक्रेटरीने, एका गणिताच्या शिक्षकानेसुद्धा वाचली. तिसऱ्या पानावर एके ठिकाणी सहा कंस एकदम बंद होत होते, तिथे प्रत्येकाचा हिशेब चुकायचा आणि शिक्षकाचा तर रक्तदाब वाढला. काकांनी महिन्याभरात क्वार्टर सोडलं आणि बदलापूरला बेलवलीत घर घेतलं. कारखान्याच्या गेटवर समोरासमोर आले की दोघंही थुंकत. नऊ वर्षं हे चाललं. बाबा घरात कुणाशी बुद्धिबळ खेळले नाहीत. जेवताना मात्र अधूनमधून घास थांबवून जिभेने पुढचे दात चाचपत बसायचे.

नव्वदच्या दशकात क्लब मोडला. रद्दीवाल्याच्या हातगाडीवरून बाबांनी वही आणि मोहऱ्यांचा डबा अक्षरशः हिसकून आणला; रद्दीवाल्याने त्यांना तराजूची दांडी मारली, ती ते हसत हसत खाऊन आले. वही माझ्यासमोर टाकली.

"तुझं ते मशीन कंस मोजतं का?"

मी तेव्हा उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात एका कॉम्प्युटर क्लासात शिकवत होतो. खाली सोफासेटचं दुकान, वर आम्ही. दोन्हींचा मालक एकच सिंधी सेठ. कॉम्प्युटर तीन, त्यातला एक मंगळवारी चालायचा. सेठ शिस्तीसाठी टेबलाखाली सोफ्याचा एक सुटा पाय ठेवायचा, आणि त्याला शिष्य आणि मास्तर असा भेद मान्य नव्हता.

"मोजतं," मी छाती फुगवून म्हटलं. "कंसच काय, प्रत्येक कंसातला पट छापून दाखवेल."

"मग छाप. आणि हे बघ," बाबा करंगळी दाखवून म्हणाले, ती कायमची वाकडी झाली होती, "माझ्या बाजूने काही करू नकोस. दात माझे आहेत. चुकलो असेन तर चुकलो. पण नऊ वर्षं मी खऱ्या माणसाचे दात पाडून बसलोय का खोट्याचे, एवढं मला कळायला हवं."

दुपारी दोन ते चार सेठ खाली सोफ्यावर झोपायचा. तेवढा वेळ माझा. आधी मी चारही पानं अक्षरशः जशीच्या तशी मशीनमध्ये टाइप केली. तिसऱ्या पानावर तपकिरी डाग होता. तो कपाळाचा की करंगळीचा, हे सांगणारा प्रोग्रॅम अजून निघायचा आहे.

मग सी भाषेत वाचणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पहिले आठ दिवस मी कंस बोटांवर मोजावेत तसे मोजत होतो, आणि बोटं संपली की मशीनही संपायचं. मग झेरॉक्स केलेल्या एका जाड पुस्तकात मला ती युक्ती सापडली. फंक्शनने, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका तुकड्याने, स्वतःलाच हाक मारायची. मी एक फंक्शन लिहिलं आणि त्याला वाचक म्हणायला लागलो. वाचकाचं काम सोपं. चाल दिसली की खेळ. कंस उघडलेला दिसला की हातातलं काम तसंच ठेव, आपल्यासारखाच दुसरा वाचक बोलव, आणि आतलं त्याला करायला लाव. कंस बंद झाला की आतला वाचक घरी जातो आणि बाहेरचा जिथे थांबला होता तिथून पुढे चालू लागतो. सात खोल कंस म्हणजे सात वाचक, एकाच्या पाठीला एक लागून उभे. कुणालाही फाट्यांचं सगळं झाड माहीत नाही. प्रत्येकाला फक्त आपली फांदी ठाऊक, आणि तरी झाड पुरं वाचून होतं. मला हे कळलं तेव्हा मी एवढ्या जोरात टेबलावर हात आपटला की एक मॉनिटर कायमचा हिरव्याचा पिवळा झाला.

पहिल्यांदा चालवला तेव्हा माझा वाचक कंस बघायचा, पण ओलांडायला विसरायचा. त्याने बोलावलेल्या दुसऱ्यालाही तोच कंस दिसायचा. त्याने तिसऱ्याला बोलावलं. एका उंबरठ्यावर हजारो वाचक चढले, एकमेकांच्या डोक्यावर, आणि मशीनचा श्वास कोंडला. मी त्याच्या कानशिलात दिली. ते उठलं नाही, सेठ उठला.

"अरे साईं, मशीन है ये! ढोलक नहीं!"

"सेठ, अटक गया है."

"तो अटके हुए को ऐसे निकालते हैं?" म्हणून त्याने सोफ्याचा पाय काढला आणि मला कसं निकालतात ते दाखवलं. डाव्या खांद्यावर तीन. पुढचा आठवडा मी उजव्या हाताने फळा पुसला आणि उजव्याच हाताने प्रोग्रॅम सुधारला.

अखेर एका मंगळवारी, तिन्ही मशीनं चालू असताना, सगळं झाड पडद्यावर उभं राहिलं. तेविसाव्या चालीपासून फुटलेली फांदी, तिच्यातून फुटलेल्या फांद्या, ते तिसऱ्या पानावरचे सहा कंस, सगळे जोडीने बंद. गणिताच्या शिक्षकाला जमलं नाही ते मला जमलं. मी प्रत्येक फांदीच्या टोकाचा पट प्रिंटरवर छापला. प्रिंटर तेव्हा करवतीसारखा ओरडायचा. काकांच्या शेवटच्या फांदीचा कागद बाहेर आला आणि मी कडेचं घर बघितलं.

रिकामं होतं. प्यादं मेलेलं होतं. वजीर सरळ खाली येत होता, आणि मात होती.

मी तो कागद घेऊन अंबरनाथपर्यंत चालत आलो. वाटेत दहा वेळा वाटलं की त्या रिकाम्या घरात प्याद्याचं एक टिंब काढावं. बॉलपेनचं एक टिंब आणि बाबांचे दात वाचले. पण करंगळी आठवली. घरी आलो, कागद दिला. बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. आईला म्हणाले, "रात्रीला मऊ भात टाक."

"कुणाचं पोट बिघडलंय?"

"कुणाचं नाही."

बेलवलीत काकांच्या दारात आम्ही उभे राहिलो तेव्हा काका ओट्यावर बसून कोयता पाजळत होते. भाजीवर घालायचा नारळ फोडायला असेल, पण बघणाऱ्याला तसं वाटलं नसतं. केस पांढरे झाले होते. बोलताना ओठ पुढे ओढून दातांची फट झाकायची सवय लागली होती.

"कोण, फोरमन? रस्ता चुकलास का?"

"नाही," बाबा म्हणाले. त्यांनी कागद पुढे केला. "प्यादं आधीच मेलं होतं. पोराच्या मशीनने सांगितलं. मी शब्द दिला होता." आणि चष्मा काढून माझ्या हातात दिला, ओट्यावर बसले, हात पाठीमागे धरले आणि तोंड उघडलं.

काकांनी कागद वाचला. मला वाटतं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोयता बाजूला ठेवला.

"बंद कर ते तोंड. माशा जातील. नऊ वर्षं झाली, लेका. आता काय दात पाडायचे आपण एकमेकांचे?" आत वळून ओरडले, "अगं, चहा टाक! फोरमन आलाय!"

इथे ही गोष्ट संपवली असती तर मी खोटारडा ठरलो असतो. चहा आला. काकू पदर डोळ्याला लावून दारात उभ्या. बाबांचं मन भरून आलं. आता काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी पिशवीतून मोहऱ्यांचा डबा काढला. "हा क्लबचा डबा. तुझ्याकडेच राहू दे."

काकांनी डबा मांडीवर उपडा केला. राजे, वजीर, घोडे, आणि त्यांत एक पिवळट, लांब मुळाचं काहीतरी.

"हे काय?"

"ते होय," बाबा भोळेपणाने म्हणाले. "तुझा दात. प्यादं हरवलं होतं ना, म्हणून त्याच्या जागी ठेवायचे सगळे."

"नऊ वर्षं?"

"क्लब बंद होईपर्यंत. चांगला उभा राहायचा रे! मूळ वर करून."

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. वसाहतीतला प्रत्येक टुकार माणूस नऊ वर्षं त्यांचा दात बोटाने पुढे ढकलत होता, बळी देत होता, कापत होता. ते उठले. पट जवळ नव्हता म्हणून त्यांनी ओट्यावरचा जेवायचा पाट उचलला. सागवानी, पितळी फुल्या मारलेला. बाबांनी हात पाठीमागे नेले आणि तोंड उघडलं. शब्द म्हणजे शब्द.

पहिल्या घावात एक दात आला आणि ओठ फाटला. बाबांच्या शर्टावर रक्ताची पट्टी उतरली. त्यांनी जीभ फिरवली आणि बोबड्या आवाजात म्हणाले, "दुसरा राहिला."

"गप बस आता!"

"शब्द दोनचा आहे. मार."

काकूंनी डोळे मिटले. काकांनीही मिटले, त्यामुळे दुसरा घाव आधी खांबाला लागला, मग बाबांना. दात पडला, पाटही काकांच्या हातून सुटून त्यांच्याच अंगठ्यावर पडला, आणि नखाखालून रक्त आलं. मग दोघंही ओट्यावर बसून, एक तोंड धरून, एक पाय धरून, नऊ वर्षांत ओरडले नव्हते तेवढे एकमेकांवर ओरडले. काकांनी तो जुना दात उल्हास नदीत भिरकावला. तो पलीकडच्या काठाला पोचला असं ते सांगत. रात्री आमच्याकडे दोघांनी मऊ भात खाल्ला, एकाच ताटात.

त्यानंतर दर रविवारी काका आमच्याकडे. खिशात पट्टी, हातात पट. बाबा दहा वर्षांनी लहान दिसायला लागले, दात सोडून.

आणि मग तीन रविवारांनंतर मला माझी चूक सापडली.

क्लासातल्या पोरांना दाखवायला मी एक तीन ओळींचा डाव टाइप केला होता. एका कंसात घोडा मरतो. दुसऱ्या कंसात तोच घोडा चालतो. मशीनने दुसऱ्या कंसाला सांगितलं, घोडा नाही. मी डोळे चोळले. पुन्हा चालवलं. घोडा नाही. मग प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला. माझे सात वाचक हुशार होते, पण पट मी सगळ्यांना मिळून एकच दिला होता. आतला वाचक त्या पटावर माणसं मारायचा, घरी जायचा, आणि मेलेल्यांना परत उभं न करता जायचा. झाड बरोबर होतं. झाडावरून उतरताना मी चुकलो होतो. क्लबात काका जे विसरले तेच मी विसरलो होतो, आणि मी तर शांत डोक्याने, पंख्याखाली बसून विसरलो होतो.

दुरुस्तीला तीन ओळी लागल्या. कंसात शिरायच्या आधी पटाची नक्कल करून ठेव, बाहेर येताना ती परत मांड. काकांची फांदी पुन्हा छापली. कडेच्या घरात प्यादं उभं होतं, ठणठणीत. वजिराची वाट अडली होती. मात नव्हती. बाबा बरोबर होते. त्यांचे दात फुकट गेले होते.

मी तो कागद दहा दिवस बनियनमध्ये घेऊन फिरलो. फाडून टाकावा हेच शहाणपणाचं होतं. पण बाबा जेवताना अजूनही घास थांबवायचे, आणि आता चाचपायला दात नसल्यामुळे जीभ त्या फटीत जाऊन थांबायची. आपण खऱ्याचे पाडले का खोट्याचे, हे त्यांना कळायला हवं होतं. चुकीचं उत्तर मीच त्यांच्या तोंडात घातलं होतं.

रविवारी दोघं व्हरांड्यात पट मांडून बसले होते. पांढऱ्यांचं कडेचं प्यादं नव्हतं म्हणून तिथे सुपारी ठेवली होती. मी कागद मध्ये ठेवला आणि सांगून टाकलं. फाट्याचं, नकलेचं, तीन ओळींचं, सगळं. मग मागे सरकलो.

बाबांनी कागद वाचला. काकांनी वाचला.

"म्हणजे मी बरोबर होतो," बाबा म्हणाले.

"म्हणजे तू बरोबर होतास," काका म्हणाले. ओठ पुढे ओढायचं विसरले. "आणि तरी मी तुझे पाडले."

"मी कुठे तुला अडवलं? मीच दिले."

"मग आता माझे दोन घे. खालचे आहेत. हलतात, पण आहेत."

"तुझे मी आधीच घेतलेत रे. किती घेऊ?"

दोघांनी एकमेकांच्या फटींकडे बघितलं. मग काकांनी मान हळूहळू माझ्याकडे वळवली. बाबांनीही.

"चूक कुणाची म्हणालास?"

"मशीनची," मी म्हणालो.

"मशीनला कुणी शिकवलं?"

"माझे पूर्ण दात होते," बाबा उठत म्हणाले. "बत्तीसच्या बत्तीस. याचं मशीन येईपर्यंत."

"माझ्या हातून पाप करवलंस, मास्तर!" काका पटाच्या एका बाजूने आले, बाबा दुसऱ्या. मी आईला हाक मारली. आई स्वयंपाकघराच्या दारात कापूस घेऊन तयारच होती, पण पुढे आली नाही. तिलाही ते पटलं असावं. पट हवेत गेला, मोहरे पावसासारखे पडले, आणि मी तोच आवाज ऐकला, या वेळी आतून. कुणाचा हात होता ते आजतागायत ठरलेलं नाही. दोघंही म्हणतात, माझा.

मी पायरीवर मीठपाण्याची चूळ धरून बसलो होतो तेव्हा मागे मोहरे गोळा करायचा आवाज आला. मग वहीची पानं. मग पेनाचं टोपण.

"कंस उघड," काका म्हणत होते. "लिही. जर याने तोंड बंद ठेवलं असतं तर."

"तर मरेपर्यंत मला वाटत राहिलं असतं की मी चुकलो."

"मग लिही तसं. पुढे. जर याने आधीच नीट केलं असतं तर."

"तर तू इथे आला असतास का? आणखी एक कंस उघड."

"तू उघड. पेन तुझ्याकडे आहे."

"दे म्हणालास म्हणून घेतलं ना? ओढतोस काय, ए!"

मी वळून बघितलं. त्यांनी पट पुन्हा मांडला होता. सुपारी कुठेतरी गडगडत गेली होती. पांढऱ्यांच्या कडेच्या घरात, रक्त पुसून, माझा दात उभा केला होता. तो डाव काका हरले. कडेचं प्यादं शेवटपर्यंत कुणी मारलं नाही.